वळवाच्या दिवसांत तंबू: खोपोलीच्या पार्काजवळ दोन रात्री काढायच्या तर

मेच्या अखेरीस खोपोलीजवळ तंबू टाकून राहायचं आणि दिवसभर पोरांना इमॅजिकासारख्या करमणुकीच्या पार्कात हुंदडू द्यायचं, असा बेत आमच्या घरी तीनदा झाला. पहिल्या वेळी तंबू उडाला. दुसऱ्या वेळी उडाला नाही, पण आत घोटाभर पाणी साचलं आणि धाकट्याची चप्पल त्यात होडीसारखी फिरत होती. तिसऱ्या वेळी रात्री पावणेदोनला विजा सुरू झाल्या. पाचही जण चार मिनिटांत गाडीत बसलो आणि ढग पुढे सरकल्यावर परत येऊन झोपलो. तंबू तिन्ही वेळा तोच होता. तंबूवर आणखी पैसे घालायचा मोह मलाही झाला होता, पण फरक पडला तो जागा बदलल्यामुळे आणि दिवसाचं वेळापत्रक ढगांच्या सोयीने लावल्यामुळे.

पार्काच्या हद्दीतच तंबूचं मैदान हवं असेल तर फ्लोरिडात जावं लागेल. तिथे डिस्नेने १९७१ साली फोर्ट विल्डरनेस नावाचं मैदान सुरू केलं, आणि उन्हाळ्यात तिथेही दुपारनंतर रोजच्यासारखी वादळं येतात. द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंनी समुद्रावरचे वारे आत शिरून मधे धडकतात, म्हणून. आपल्याकडे धडक बसते ती सह्याद्रीशी. सकाळपासून तापलेली जमीन, खाडीकडून आलेली दमट हवा आणि समोर घाटाची भिंत, त्यामुळे चारच्या सुमारास घाटमाथ्यावर ढगांचा काळा डोंगर उभा राहतो आणि वरचे वारे पूर्वेचे असले की तो खाली कोकणाकडे सरकतो. मुंबईकराला पाऊस पश्चिमेकडून यायची सवय. वळीव पाठीमागून येतो. हे एवढं डोक्यात ठेवलं तर पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

तारीख

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या आसपास दाखल होतो. घरातली मोठी माणसं मृगाचा हिशेब धरतात, तोही ७-८ जूनचाच. पण २०२५ साली पाऊस २६ मेलाच येऊन ठेपला. म्हणून आगाऊ पैसे भरताना तारीख बदलून मिळेल का, हे आधी विचारा.

मोसमी पाऊस एकदा लागला की या भागात तंबू नको, असं माझं स्पष्ट मत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती इर्शाळवाडी याच खालापूर तालुक्यातली. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ त्या मानाने बरा. पाऊस आला तरी तास-दीड तासात ओसरतो, आणि नशीब असेल तर रात्री झाडांवर काजवे दिसतात.

निघायच्या आदल्या दिवसापासून अंदाज बघा, पण मुंबईचा नको. रायगड जिल्ह्याचा बघा, आणि त्याबरोबर पुण्याच्या घाटभागाचाही. नारिंगी इशारा असेल तर बेत पुढे ढकला. पिवळा असेल तर जायला हरकत नाही, मात्र संध्याकाळ छपराखाली काढायची तयारी हवी. तिथे पोहोचल्यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. दुसरं म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप, जे तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सांगतं. रेंज जाते, त्यामुळे सगळी मदार फोनवर ठेवू नका. पूर्वेकडे नजर टाकायला रेंज लागत नाही.

जागा: इथे कंजुषी करू नका

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात तंबूची सोय करणारे खासगी कॅम्प आहेत. फोन करताना बहुतेक जण बार्बेक्यू आणि म्युझिकची चौकशी करतात. तुम्ही आधी विचारा की रात्रभर उघडी राहणारी, भिंती आणि स्लॅब असलेली पक्की खोली आहे का, आणि गाडी तंबूपासून किती पावलांवर लावता येईल. "ताई, आपल्याकडे मोठा शेड आहे ना," असं उत्तर आलं तर ते नाही असं समजा. चारही बाजूंनी उघडा पत्र्याचा शेड पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही.

तिसरा प्रश्न जमिनीचा. दुसऱ्या वेळी आमचं पाणी साचलं ते याच कारणाने. कॅम्पवाल्याने छान सपाट, चारही बाजूंनी टुमदार बांध असलेली जागा दिली होती. मला ती फारच आवडली. पाऊस सुरू झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बाई, हे भाताचं खाचर आहे! पाणी धरून ठेवण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या सपाट केलेली जमीन ती, तिने तिचं काम चोख केलं. तेव्हा खाचरात तंबू टाकायचा नाही. बांधाच्या वरच्या अंगाला मुरमाड, किंचित उताराची जागा मागून घ्या. उतार इतकाच हवा की बाटली आडवी ठेवली तर हळूच घरंगळेल.

पोहोचल्यावर सामान उतरवायच्या आधी एक फेरी मारा. वाळलेला पाचोळा एका रेषेत अडकून पडलेला दिसला, किंवा मातीत बारीक वाळूची नागमोडी पट्टी दिसली, तर ती मागच्या पावसात पाणी वाहून गेल्याची खूण आहे. तिथून बाजूला सरका. कोरडा ओहोळ, डोंगराचा पायथा, विजेच्या तारा आणि जाहिरातीचे फलक यांच्यापासून लांब राहा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडलं ते याच जातीच्या वादळात, हे मुंबईत कोणाला सांगायला नको.

आता झाडाचं. उन्हाने जीव नकोसा झाला की डेरेदार आंब्याखाली तंबू टाकावासा वाटतो. टाकू नका. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि एकट्या उंच झाडावर वीज पडली तर ती मुळांच्या आजूबाजूच्या जमिनीतही पसरते. शिवाय सावली तुम्हाला हवी कधी? दिवसभर तुम्ही पार्कात असणार. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे या दिवसांत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो आणि भिंतीची सावली भिंतीपाशीच संपते. तंबूला सावली लागते ती सकाळी सहा ते साडेआठ, झोपलेली पोरं भाजून निघू नयेत एवढ्यापुरती. त्यासाठी तंबू पक्क्या इमारतीच्या पश्चिमेला, आठ-दहा पावलं सोडून टाका. सकाळचं ऊन अडतं, वादळाचा पूर्वेचा पहिला झपाटा बराचसा भिंतीवर आदळतो, आणि रात्री पळायची जागा समोरच असते. एकच बघा, त्या इमारतीवर सुटे पत्रे नकोत.

सामान

तंबू दोन थरांचा हवा, आतला जाळीचा आणि वरचा पावसाळी. एकाच थराच्या तंबूत उकाड्याने घामाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे तीच अंगावर ठिबकते. वरच्या थराची जलरोधक क्षमता (कापड न गळता झेलतं त्या पाण्याच्या स्तंभाची उंची) २००० मिलिमीटर आणि तळाची ३००० असली तर वळवाला पुरते. चार माणसांचा तंबू म्हणजे दोन मोठी आणि एक लहान मूल. उकाड्यात त्याहून जास्त कोंबू नका. कॅम्पवर भाड्याचा तंबू घेणार असाल तर वरचा थर जमिनीपर्यंत येतो का आणि ताणायच्या दोऱ्या शाबूत आहेत का, एवढं तपासा. बऱ्याच ठिकाणी दोऱ्या कापून टाकलेल्या असतात, कारण त्यात गिऱ्हाईक अडखळतं.

तंबूबरोबर येणाऱ्या काडीसारख्या मेखा मेमधल्या मुरमात शिरत नाहीत. शिरल्या तर वाकतात. पहिल्या वेळी आमचा तंबू उडाला तो त्यामुळेच. मेखा वाकल्या, म्हणून नवऱ्याने चार दगड ठेवले, आणि वाऱ्याने दगडांसकट निकाल लावला. मग मी घराजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिलिमीटरच्या सळईचे फूटभर लांबीचे बारा तुकडे करून घेतले, एक टोक घासून अणकुचीदार आणि दुसरं आकड्यासारखं वळवलेलं. सोबत दोन किलोची हातोडी. दोरी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर स्वस्त आणि चांगली मिळते, चार-पाच मिलिमीटर जाडीची घ्या. एक जाड ताडपत्री घ्या, चार्जिंगचा पंखा घ्या, प्रत्येकाला डोक्याला बांधायचा दिवा घ्या.

स्लीपिंग बॅग घरी ठेवा. चटई, सुती चादर, पहाटेला एखादी पातळ गोधडी पुरते. जाड फोमच्या गादीवर पाठ भिजून निघते.

खाण्यात, आदल्या दिवशीचा भात आणि ओल्या नारळाचं काहीही नेऊ नका, या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी टिकतात. कैरीचं पन्हं घट्ट करून बाटलीत न्या आणि तिथे पाणी घाला. आमच्या सासूबाई कांदा खिशात ठेवा म्हणतात. मी ठेवते, त्याने काही बिघडत नाही. पण पाणी, मीठ, साखर मोजूनच नेते.

तंबू उभा करताना

नवा तंबू पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीवर उभा करून बघा. पाइपने दहा मिनिटं पाणी मारा आणि आतून शिवणींवर हात फिरवा. गळती बहुतेक वेळा कापडातून नसते, शिवणीतून असते, आणि शिवणीवर लावायचं सीलंट घरी लावून एक रात्र वाळवलं तरच धरतं. कॅम्पवर भर उन्हात ही कामं होत नाहीत.

कॅम्पवर सकाळी दहाच्या आत पोहोचा आणि आधी तंबू उभारा. जागा झाडून खडे काढा. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान हवी, मोठी असेल तर दुमडून आत घ्या. बाहेर डोकावणारी ताडपत्री पाऊस झेलते आणि ते पाणी तुमच्या अंथरुणाखाली आणून सोडते. तंबूची अरुंद बाजू पूर्वेकडे करा, दार पूर्वेला नको. आधी तळाचे चार कोपरे ठोका, मग पोल घाला, मग वरचा थर. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं आणि दोरी जमिनीशी साधारण ४५ अंशांत, अशी ठेवण हवी. दोरी चारही दिशांना ताणायची, कारण वादळ पोहोचलं की वारा कुठूनही येतो. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या तर अंधारात पोरं तोंडावर आपटत नाहीत.

आतला आणि वरचा थर एकमेकांना कुठेही चिकटता कामा नये. चिकटला की तिथून पाणी झिरपतं. नायलॉनचं कापड भिजल्यावर सैल पडतं, म्हणून पहिल्या सरीनंतर सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. तंबूभोवती चर खणायचा जुना रिवाज आहे. जागा नीट निवडली असेल तर त्याची गरज पडत नाही आणि मालकाची जमीनही खराब होत नाही.

पार्कात जाताना अंथरुणं, कपडे, चार्जर सगळं गाडीत टाका. तंबू रिकामा, वरचा थर ताणलेला, चेनी बंद. तुम्ही आत नसताना वादळ आलं तर भिजायला काही उरत नाही.

पार्कातला दिवस

इमॅजिकासारख्या पार्कात उघड्यावरचे मोठे झोके आणि नायट्रोसारखा रोलरकोस्टर दार उघडल्याबरोबर उरकून घ्या. बारा ते साडेतीन छपराखालचे, थंडगार खेळ आणि जेवण. वॉटर पार्क करायचा असेल तर त्यासाठी दुसरा दिवस ठेवा, आणि त्या दिवशीही साडेतीनला पाण्याबाहेर. ढगांचा गडगडाट सुरू झाला की पाण्यात एक मिनिटही थांबायचं नाही. शिट्टी वाजायची वाट बघू नका. खेळ बंद पडले तर पैशांचं काय, हे तिकीट काढतानाच विचारा. नंतर खिडकीशी भांडण्यात हशील नाही.

कर्जत-खोपोली भागात समुद्राचा वारा मुंबईसारखा पोहोचत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पण आकड्यावर जाऊ नका. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली, तिथून हा भाग फार लांब नाही. रांगेत उभं असताना दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो न लागो. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शीग भरून घालू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते बाधतं.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, ही थांबण्याची खूण. सावलीत बसवा, कपडे सैल करा, पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोक जाऊ लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे असंच धरून चाला. अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नका. पॅरासिटामॉल इथे कामाचं नाही.

वीज

तंबू विजेपासून वाचवत नाही. महागडाही नाही. उलट उघड्यावर उभे केलेले धातूचे पोल धोका वाढवतात. मोठी माणसं "बसा आत, जाईल पाऊस" म्हणतात, पण हा सल्ला पक्क्या घरात ठीक आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांमागे अंतर साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, निघा. दिवसा मोजता आलं नाही तर नुसता आवाज ऐकू आला तरी निघा. जायचं कुठे? पक्क्या इमारतीत, नाहीतर धातूचं छप्पर असलेल्या बंद गाडीत, काचा वर करून, दाराच्या धातूला न टेकता. रिक्षा चालत नाही, तिला कापडी टप असतो. बाईक, गझीबो, झाडाखालचा पार, तळ्याचा काठ, यांतलं काहीही चालत नाही. इमारतीत गेल्यावरही नळाखाली आंघोळ आणि चार्जिंगला लावलेला फोन टाळा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पूर्ण अर्धा तास आत राहा. पाऊस थांबला म्हणून बाहेर पडायचं नाही, ढग अजून डोक्यावर असू शकतो.

आम्ही संध्याकाळी सात वाजता एकदा तालीम करतो. गाडीची चावी तंबूच्या दाराशी उजवीकडच्या खिशात, चपला दाराबाहेर नव्हे तर आत पिशवीत, दिवा उशाशी. धाकट्याला नवरा उचलतो, मोठी माझा हात धरते, सासूबाई आधीच चालू लागतात. पोरांना हा खेळ वाटतो, आणि मला तेच हवं असतं.

रात्र

पहिल्या पावसाने बिळात पाणी शिरतं आणि साप, विंचू बाहेर येतात. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून उकडलं तरी जाळीची चेन पूर्ण लावायची. दार थोडं उघडं ठेवून झोपायचं नाही. बाहेर पाऊल टाकण्याआधी उजेड पाडा, चपला झटका. सर्पदंश झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका. हातापायाला आधार देऊन हलवाहलव कमीत कमी करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. कोणतं जवळ आहे हे कॅम्पवाल्या दादांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

तंबूत शेगडी, कोळसा, मच्छर अगरबत्ती काहीही पेटवू नका. बंद कापडात विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. डासांसाठी जाळी आहे, अंगाला लावायचं मलम आहे. उकाड्यावर उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी अंघोळ, ओला पंचा मानेवर, आणि पंखा पायाकडून डोक्याकडे. वरच्या थराचे वारा यायचे झरोके पाऊस आला तरी बंद करू नका, ते पावसाचा विचार करूनच केलेले असतात.

परतताना

सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, त्याला इलाज नाही. पण घरी आल्यावर त्याच दिवशी उघडा. ओला तंबू बंद पिशवीत राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटू लागतो. मग पुढच्या वर्षी तो गाळणीसारखा गळतो. साबण-पावडर लावू नका, साध्या पाण्याने चिखल काढा आणि सावलीत वाळवा. आमच्या गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असते आणि ते दुपारी झोपतात, म्हणून आम्ही परतीच्या वाटेवरूनच त्यांना फोन करतो. चावी मिळाली नाही तर हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधून तंबू लटकवतो, आणि दोन दिवस सगळे त्याच्याखालून वाकून ये-जा करतात.